मृगळाची साक्ष

मेहकर–बुलढाणा रस्त्यावरच्या पुलाजवळ पैनगंगेचे पाणी ठरावीक काळाने बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवले जाते. देशभरातल्या नद्यांवर पाणी तपासणीची जी ठाणी आहेत त्यांपैकी हे एक. बुलढाणा जिल्ह्यातले असेच दुसरे ठाणे घाटाखाली, मलकापूर तालुक्यात धुपेश्वरला, पूर्णेवर आहे. मलकापूरच्या पाणीपुरवठ्याचे पाणी जिथून उचलले जाते त्याच्या वरच्या अंगाला ते येते. असा नमुना साधारणपणे महिन्यातून एकदा घेतात. बाटली भरायला अर्धे मिनिट पुरते, आणि त्या अर्ध्या मिनिटात नदीत जे होते तेवढेच बाटलीत येते. आदल्या रात्री नाल्यातून जे आले आणि पहाटेपर्यंत पुढे वाहून गेले, त्याची नोंद होत नाही. दुपारच्या उन्हात पृष्ठभागाजवळचे जीवाणू मरतात, गाळाशी बसलेले टिकून राहतात. तळ ढवळला गेला तर तेच पुन्हा वर येतात. म्हणून एकाच पुलाखालच्या दोन बाटल्यांचे आकडे एकाच दिवशी वेगळे निघू शकतात. बाटली खोटे बोलत नाही, पण तिला फार थोडे ठाऊक असते. त्याच नदीच्या डोहात, त्याच गाळात तोंड खुपसून मृगळ मात्र महिन्याचे तीसही दिवस चरत असतो. पाण्यात जे येते ते त्याच्या कल्ल्यांवरून जाते, अंगावरच्या बुळबुळीत थरात अडकते आणि चाऱ्याबरोबर आतड्यात उतरते. नदीत मैला किती मिसळतो हे जाणून घ्यायचे असेल तर बाटलीबरोबर या माशालाही विचारले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात ते अधिकच गरजेचे का आहे, ते पुढे येईलच.

आधी मुळातला तर्क पाहू. जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशरिश यांनी १८८५ साली तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून एक जीवाणू वेगळा काढला. त्यालाच आज आपण ई. कोलाय म्हणतो. त्याचे खरे घर म्हणजे उष्ण रक्ताच्या प्राण्याचे आतडे. माणूस, गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, पक्षी यांच्या पोटात बाराही महिने एकसारखी ऊब आणि तयार अन्न मिळते, तिथे तो सुखाने नांदतो. मासा थंड रक्ताचा. त्याच्या शरीराचे तापमान म्हणजे भोवतालच्या पाण्याचे तापमान. त्याच्या आतड्यात स्वतःची वेगळी जीवाणू वस्ती असते. गोड्या पाण्यातल्या माशांत एरोमोनास, स्यूडोमोनास यांसारखे जीवाणू स्वच्छातल्या स्वच्छ पाण्यातही सापडतात. ई. कोलाय हा त्या वस्तीतला मूळ रहिवासी नव्हे. तो माशाच्या पोटात दिसला, तर कुठल्या तरी उष्ण रक्ताच्या प्राण्याची विष्ठा पाण्यावाटे किंवा चाऱ्यावाटे तिथवर पोहोचली असे समजावे. माशाच्या पोटातल्या नुसत्या जीवाणूंची संख्या काहीच सांगत नाही. कोणता जीवाणू आहे आणि तो तिथला आहे की बाहेरून आलेला, हे पाहावे लागते.

या तर्काला प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो अमेरिकेतल्या ओहायो राज्यात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एडविन गेल्ड्राइश आणि त्यांचे सहकारी क्लार्क यांनी तिथल्या लिटल मायामी या मध्यम प्रदूषित नदीतले मासे तपासून १९६६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. संपूर्ण अभ्यासात १४ जातींचे १३२ मासे होते, त्यांपैकी ७८ मासे थेट त्या नदीतून पकडून त्यांच्या आतड्यातला ऐवज मोजला गेला. आकडे थक्क करणारे होते. ब्लूगिल हा पाण्यातले किडे टिपणारा मासा. त्याच्या आतड्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जीवाणू, म्हणजे ई. कोलाय ज्यात प्रामुख्याने येतो तो गट, ग्रॅममागे २० पेक्षाही कमी निघाले. त्याच नदीतल्या कॅटफिशच्या, म्हणजे आपल्या शिंगाळा-मांगूर यांच्या गोतावळ्यातल्या मिशावाल्या माशाच्या आतड्यात ते ग्रॅममागे १० लाख ९० हजारांपर्यंत गेले. नदी एकच असूनही फरक पन्नास हजार पटींहून जास्त! माशाची अमुक जात म्हणून तिच्या पोटात अमुक कोलिफॉर्म, असा कायमचा नमुना मात्र त्यांना कुठल्याही जातीत सापडला नाही. मासा कुठल्या पाण्यात राहतो आणि काय खातो, यावर त्याच्या पोटातले हे पाहुणे ठरत होते.

इथूनच आपल्या कामाची गोष्ट सुरू होते. आपल्याकडच्या तलावांत आणि धरणांत जे तीन मासे बोटुकली सोडून वाढवले जातात, ते निसर्गाने जणू तीन मजल्यांवर वाटून दिले आहेत. कटला वरच्या थरात तरंगते सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात चरतो, आणि मृगळ तळाशी गाळातला कुजलेला पालापाचोळा, चिखल, शेवाळ असे सगळे उपसतो. एकाच जाळ्यात हे तिघे आले आणि एकाच दिवशी तपासले गेले, तर पाण्याच्या तीन थरांची तीन वेगवेगळी उत्तरे मिळतात. मृगळात ई. कोलाय भरपूर आणि कटल्यात जवळपास नाही, असे निघाले तर मैला जुना आहे, गाळात मुरलेला आहे, असा अंदाज बांधता येतो. तिघांतही सारखाच आढळला तर नाला अजून वाहतो आहे आणि पाणी तळापासून वरपर्यंत बाधित आहे, अशी शंका घ्यायला जागा आहे. पृष्ठभागाजवळ भरलेल्या एका बाटलीला हा भेद सांगता येणार नाही.

तपासणी महागड्या यंत्रांची नाही. महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या साध्या प्रयोगशाळेत ती होते. मासा काठावरच निर्जंतुक पिशवीत घालून बर्फाच्या पेटीतून आणतात. अंग बाहेरून अल्कोहोलने पुसून पोट उघडले की मृगळाचे आतडे समोर येते: सुतळीच्या गुंडाळीसारखे, शरीराच्या लांबीच्या कित्येक पट लांब, हिरवट-काळपट गाळाने भरलेले. त्यातला एक ग्रॅम ऐवज निर्जंतुक मिठाच्या पाण्यात घोटून दहापट, शंभरपट, हजारपट असा पातळ करत जातात. तो मॅकॉन्की द्रवाच्या नळ्यांत घालून उबवला आणि त्यात कोलिफॉर्म असले, की आत उलटी ठेवलेल्या इवल्याशा नळीत वायूचा बुडबुडा जमतो. किती नळ्यांत असे झाले त्यावरून संभाव्य संख्या काढतात. विष्ठाजन्य जीवाणू वेगळे ओळखायचे तर ४४.५ अंश सेल्सिअसला उबवतात, कारण इतक्या उष्णतेत इतर बहुतेक कोलिफॉर्म मागे पडतात. शेवटी इओसिन-मिथिलिन ब्ल्यूच्या तबकडीवर ई. कोलायच्या वसाहती उमटतात, तेव्हा त्यांच्यावर भुंग्याच्या पाठीसारखी हिरवी धातूची झळाळी दिसते. ती एकदा पाहिलेला विद्यार्थी ती विसरत नाही. नदीच्या पाण्याला रंग नसेल, वास नसेल, तरीही त्या तबकडीवर गटार दिसते.

आता आक्षेप. सर्वांत जड आक्षेप तापमानाचा आहे, आणि तो गेल्ड्राइश यांच्याच अभ्यासातून निघतो. त्यांनी मासे पकडले तेव्हा पाणी १३ ते १८ अंश सेल्सिअस होते. पाणी २० अंश किंवा त्याहून उबदार असेल आणि जीवाणू आतड्यात २४ तासांपेक्षा जास्त अडकून राहिले, तर ते तिथे टिकतात आणि बहुधा वाढतातही, असे त्यांनीच नोंदवले. बुलढाण्यात हिवाळ्यातले काही आठवडे सोडले तर पाणी २० अंशांच्या वरच असते, आणि घाटाखालच्या खामगाव-शेगाव-नांदुरा पट्ट्यातल्या उन्हाळ्याबद्दल सांगायलाच नको. मग इथल्या माशाच्या पोटातला आकडा म्हणजे नदीतून आलेला मैला, की पोटातच झालेली वाढ? आक्षेप खरा आहे. माझे उत्तर असे की यामुळे पद्धत बाद होत नाही, पण तिचा वापर कसा करायचा हे मात्र बदलते. एक तर, पोटात वाढायलाही आधी बाहेरून बी यावे लागते, म्हणजे ‘आहे की नाही’ या प्रश्नाचे उत्तर तापमानाने बिघडत नाही. दुसरे, पाणी उबदार असले की माशाची भूक आणि पचनही वेगाने चालते. चरता मासा आतडे लवकर रिकामे करतो, तेव्हा जीवाणूला तिथे दिवसभर बस्तान मांडायला सवड मिळत नाही. जाळ्यात तासन्‌तास उपाशी अडकलेला मासा मात्र नमुन्याला घेऊ नये. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उबेचा परिणाम गावाच्या वरच्या आणि खालच्या डोहातल्या माशांवर सारखाच होतो. तेव्हा एका माशाच्या आकड्याला न भुलता, एकाच दिवशी, एकाच जातीचे, एकाच आकाराचे आठ-दहा मासे वरून आणि तेवढेच खालून घ्यावेत आणि त्यांची तुलना करावी. दुपटी-तिपटीच्या फरकाकडे दुर्लक्ष करावे. शंभरपट फरक पडला तर तो उन्हाळ्याच्या माथी मारता येणार नाही.

मासा एका जागी थोडाच राहतो, मग त्याच्या पोटातला मैला नेमका कुठला हे कसे सांगणार, असा दुसरा आक्षेप घेतला जातो. बारमाही वाहणाऱ्या मोठ्या नदीत तो बराचसा खरा ठरेल. पण बुलढाण्याच्या नद्या तशा नाहीत. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगररांगेत बुलढाण्याजवळच उगम पावते आणि काही किलोमीटर जात नाही तोच येळगावच्या धरणात अडते. पुढे मेहकरच्या अलीकडे पेनटाकळीला तिला पुन्हा बांध आहे. नळगंगेवर मोताळा तालुक्यात धरण, खडकपूर्णेवर देऊळगाव मही परिसरात धरण. पावसाळा संपला की धरणांच्या मधले पात्र सुकत जाते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत नदी म्हणजे डोहांची तुटक माळ उरते. त्या डोहात अडकलेला मरळ, शिंगाळा, वाम पुढच्या पुरापर्यंत कुठेही जाऊ शकत नाही. बारमाही नदीच्या अभ्यासकाला जी अडचण वाटते, ती आपल्या कोरड्या मुलखात आपोआप सुटते. शिवाय उन्हाळ्यात नदीत वरून पाणी येत नाही, पण गावाचे सांडपाणी रोज येतच असते. एप्रिल-मेमधल्या अशा डोहातले पाणी किती नदीचे आणि किती नाल्याचे, हा प्रश्न तिथला मासा सोडवू शकतो.

ई. कोलाय दिसला म्हणून तो माणसाचाच कशावरून, असेही विचारले जाईल, आणि विचारलेच पाहिजे. गुरे नदीवर पाण्याला येतात, पोळ्याला बैल नदीवर धुतले जातात, डोहाकाठी पाखरांचे थवे असतात. हवाईसारख्या उष्ण प्रदेशांत संशोधकांना तर नुसत्या मातीतही ई. कोलाय स्वतःच्या बळावर टिकून राहिलेला सापडला आहे. गेल्ड्राइश यांनीच १९६९ मध्ये यावर एक तोडगा सुचवला होता. विष्ठाजन्य कोलिफॉर्म आणि विष्ठाजन्य स्ट्रेप्टोकोकाय यांचे गुणोत्तर ४ च्या वर गेले तर मैला माणसाचा, ०.७ च्या खाली आले तर जनावरांचा. हा नियम बरीच वर्षे पाठ्यपुस्तकांत चालला. पुढे लक्षात आले की दोन्ही जीवाणू पाण्यात वेगवेगळ्या गतीने मरतात, त्यामुळे गुणोत्तर दिवसागणिक बदलते. तो नियम सोडून द्यावा लागला. आजही आपल्याकडच्या काही प्रबंधांत तो दिसतो, तेव्हा वाईट वाटते. त्याऐवजी ज्या पाण्याच्या वर गाव नाही अशा ठिकाणचा मासा तुलनेला घ्यावा. ज्ञानगंगा अभयारण्यातले पलढगचे पाणी त्यासाठी जिल्ह्यातच आहे. तिथेही जंगली जनावरे आणि पाखरे आहेतच, म्हणजे माती, पाखरे आणि जनावरे मिळून माशाच्या पोटात किती भर घालतात याचा अंदाज तिथे येतो. गावाखालच्या माशात त्याहून जे जास्त निघेल, त्याचे उत्तर गावाने द्यायचे.

सूक्ष्मजीव पाण्याची साक्ष देतात, हे बुलढाण्याला निराळे समजावून सांगायला नको. जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले तेव्हा साऱ्या देशाचे डोळे तिकडे वळले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि तो रंग क्षारप्रेमी हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले. पाणी आटून खारटपणा वाढला, म्हणून ते फोफावले होते. नमुना स्थिर ठेवल्यावर ते तळाला बसले आणि पाणी पुन्हा नितळ दिसू लागले. लोणारच्या पाण्यातला बदल डोळ्यांना दिसला म्हणून त्याची चौकशी झाली. पैनगंगेत आणि पूर्णेत असा रंग कधी येणार नाही. तिथली साक्ष डोळ्यांआड, माशाच्या आतड्यात असते, आणि ती कोणी मागितल्याशिवाय मिळत नाही.

दोन गोष्टी थोडक्यात. बाजारातून विकत घेतलेला मासा या कामाचा नाही. पाटी, बर्फ, सुरी, हात या सगळ्यांचे जीवाणू त्याच्यावर चढलेले असतात, आणि तो नदीपेक्षा बाजाराचीच हकीकत जास्त सांगतो. आणि अंगावर लाल जखमा असलेला मासा म्हणजे सांडपाण्याचा पुरावा, हा समजही चुकीचा आहे. १९८८ पासून भारतात पसरलेला माशांचा व्रणरोग बुरशीसारख्या एका जीवामुळे होतो, आणि जखमेत नंतर शिरणारा एरोमोनास पाण्यात मुळातच असतो.

कोलकात्याचे उदाहरण मात्र सविस्तर बोलण्यासारखे आहे, कारण ते वरवर पाहता माझ्या म्हणण्याच्या उलट जाते. त्या शहराच्या पूर्वेकडच्या पाणथळ जागांत पिढ्यान्‌पिढ्या शहराच्या सांडपाण्यावरच मासे वाढवले जातात. २००२ मध्ये त्या जागेला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. मैल्यावर मासे वाढतात आणि शहर ते खाते, मग मेहकरच्या डोहातल्या मृगळाबद्दल एवढी चिंता कशाला? फरक आहे तो व्यवस्थेचा. तिथले पाणी उथळ भेड्यांतून, म्हणजे बांध घातलेल्या तळ्यांतून, फिरवतात, उन्हात मुरू देतात, शेवाळाला त्यातला मळ खाऊ देतात, आणि मासळीला ते बेताबेताने देतात. ऊन आणि वेळ या दोघांनी जीवाणूंची संख्या प्रचंड घटते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये सांडपाण्यावरच्या मत्स्यतळ्यांसाठी १०० मिलिलिटरला १,००० विष्ठाजन्य कोलिफॉर्म ही मर्यादा सुचवली, ती अशाच व्यवस्था डोळ्यांपुढे ठेवून. नाला थेट डोहात सोडणे म्हणजे कोलकात्याची नक्कल नव्हे. आणि कोलकात्याची व्यवस्था नीट चालते आहे की नाही हे तपासायलासुद्धा माशाचे आतडे उघडावेच लागेल.

शेवटी पोटापाण्याचा आक्षेप. माशात गटाराचे जीवाणू सापडले अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी मासळीचा भाव पडतो, आणि नाला सोडणाऱ्याचे काही न बिघडता भोई समाजाच्या घरातली चूल अडते. ही भीती खोटी नाही, म्हणून बातमी देणाऱ्याने पूर्ण गोष्ट सांगितली पाहिजे. निरोगी माशाचे मांस बहुधा जीवाणूमुक्त असते. भार असतो तो आतड्यात, कल्ल्यांत आणि कातडीवरच्या बुळबुळीत थरात. पाणी फारच घाण असेल तरच जीवाणू मांसात उतरतात. आतडी न फोडता काढली, मासा स्वच्छ पाण्याने धुतला, कापल्यावर सुरी आणि हात धुतले आणि कालवण नीट उकळले, तर खाणाऱ्याला धोका फार कमी राहतो. धोका जास्त आहे तो मासे साफ करणाऱ्यांना, आणि तेच पाणी पिणाऱ्यांना. येळगावच्या ज्या धरणात मासा वाढतो त्याच धरणातून बुलढाणा शहर पाणी पिते. माशाचे बोट मच्छीमाराकडे दाखवलेले नाही, ते वरच्या अंगाच्या नाल्याकडे आहे. मच्छीमार संस्थांनी ही तपासणी स्वतःहून मागितली, तर धरणाच्या ठेक्याची रक्कम भरताना ‘आम्हाला पाणी कसले देता’ हे विचारायला त्यांच्या हाती कागद येईल.

आणि सरकारी मोजमापात हा प्रश्न आज बसतच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यांत ५३ महाराष्ट्राचे होते. २०२२ च्या अहवालात देशाचा आकडा ३११ वर उतरला, महाराष्ट्राचा मात्र ५५ वर चढला. ही मोजणी पाण्याची जैविक प्राणवायूची गरज लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर आहे की नाही, एवढ्यावर चालते. पाण्याच्या वापरानुसार जे वर्ग केले आहेत, त्यांत केवळ निर्जंतुक करून पिण्याच्या ‘अ’ वर्गाला एकूण कोलिफॉर्मची मर्यादा १०० मिलिलिटरला ५०, आंघोळीच्या ‘ब’ वर्गाला ५००, प्रक्रिया करून पिण्याच्या ‘क’ वर्गाला ५,०००. मासेमारीच्या ‘ड’ वर्गाला विरघळलेला प्राणवायू, सामू आणि मुक्त अमोनिया एवढ्याच अटी आहेत. जीवाणूंची अट नाही. मासा जिवंत राहावा यासाठी हे निकष पुरेसे असतील, पण तो ज्या पाण्यात जगतो ते आपण पितो.

म्हणून जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागांना विनंती आहे की यंदाच्या एप्रिलमध्ये, डोह आटलेले असताना, मेहकरच्या पुलाच्या वरून आणि खालून, धुपेश्वरच्या वरून आणि खालून, आणि पलढगहून मृगळ घ्यावेत. पहिल्या पुरानंतर पुन्हा तेवढेच घ्यावेत. मच्छीमार मासे देतील. जी आतडी एरवी काठावर कावळ्या-कुत्र्यांसाठी टाकली जातात, तेवढीच हवी आहेत.